गरम पाणी पाच मिनिटांत संपतं, मग मोठा गीझर घ्यायचा का?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, आम्ही वाकडला राहतो, ११ मजली बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर. घरात पाच माणसं, मी, हे, सासूबाई, १६ वर्षांचा मुलगा आणि ११ वर्षांची मुलगी. मुलगा रोज २० मिनिटं आंघोळीला लावतो आणि वर त्याचीच तक्रार की गरम पाणी पाच मिनिटांत संपतं. गीझर २५ लिटरचा आहे. हे म्हणतात ५० लिटरचा घेऊ आणि त्यासोबत छतातला तो मोठा रेन शॉवरही बसवू. यांच्या ऑफिसमधलं कोणीतरी म्हणतं गॅस गीझर घ्या, स्वस्त पडतो. सासूबाई बादलीने आंघोळ करतात, त्यांचं म्हणणं शॉवर काढूनच टाका, टँकरचं पाणी आहे, पैसे वाहून चाललेत. एका बाथरूममधे सोसायटीचं सोलर आहे, सकाळी ६ ते साडेआठ, पण गरम पाणी येईपर्यंत दीड-दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं. गीझर सारखा चालू-बंद केला की जास्त वीज जाते असं ऐकलंय म्हणून आम्ही तो चालूच ठेवतो. रोज सकाळी यावरून भांडण होतं. माझं काही नाही, सगळे गेले की दहा वाजता अर्ध्या बादलीत उरकते. तर शॉवर काढून टाकू का मोठा गीझर घेऊ, काय ते सांगा."

ताई, मोठा गीझर घेऊ नका, आणि शॉवरही काढू नका. पत्रात तुम्ही सगळं लिहिलंय, पण तुमच्या शॉवरमधून मिनिटाला किती पाणी पडतं तो आकडा कुठेच नाहीये, आणि मला वाटतं घरात कोणीच तो मोजलेला नाही. तेव्हा येत्या रविवारी हे एवढं कराच, बाथरूममधल्या बादलीत एक लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओता आणि तिथे आतून मार्करने रेघ मारा, झाली दहा लिटरची खूण. मग तेच पाणी दुसरीकडे काढून ठेवा, बादली शॉवरखाली धरा, मुलगा रोज फिरवतो तेवढाच नळ फिरवा आणि मोबाईलवर वेळ लावा. ५० सेकंदांत रेघेपर्यंत भरली तर मिनिटाला १२ लिटर, ४० सेकंदांत भरली तर १५. मुलालाच करायला सांगा, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या रहा.

माझा अंदाज आहे तुमच्याकडे १२ च्या खाली येणार नाही. कारण तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात आणि टाकी अकराव्याच्या वर, म्हणजे नऊ मजल्यांचं, साधारण २७ मीटर उंचीचं पाणी तुमच्या नळावर दाब देतंय. दहा मीटरला एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप) असा हिशोब असतो, म्हणजे तुमच्याकडे अडीच बारच्या पुढे प्रेशर आहे, मधे कुठे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर. वरच्या मजल्यावरचे लोक शॉवरला धार नाही म्हणून रडतात आणि खालच्या मजल्यावर न कळत दुप्पट पाणी जातं, एकाच बिल्डिंगमधे.

आता ते पाच मिनिटांचं बघू. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये, गरम पाणी खरंच पाच मिनिटांत संपतं. थंडीत नळाचं पाणी २० डिग्री धरा, गीझरमधलं ६० आणि अंगावर घ्यायचं ४०, म्हणजे निम्मं गरम निम्मं गार. शॉवरमधून मिनिटाला १२ लिटर पडतंय तर त्यातलं ६ लिटर गीझरमधून येतं, आणि टाकी २५ लिटरची आहे, चार-पाच मिनिटांत खेळ खलास. गीझर त्या वेळात चालू असतो खरा, पण २ किलोवॅटचा एलिमेंट एवढ्या धारेला पुरा पडूच शकत नाही. त्यानंतर मुलगा कोमट पाण्याखाली उभा राहतो, आता येईल मग येईल करत, म्हणूनही वेळ वाढत असणार.

५० लिटरचा घेतला तर काय होईल, पाचाची नऊ-दहा मिनिटं होतील. आणि एकदा पूर्ण तापवायला आत्ता सव्वा युनिटच्या जरा आत लागतं तिथे सव्वादोनच्या वर लागेल. (१ युनिटमधे साधारण ८६० लिटर पाणी १ डिग्रीने तापतं, या एका आकड्यावर घरातला गरम पाण्याचा सगळा हिशोब करता येतो, मुलाला आवडेल करायला, दहावीत शिकलाय तो हे.) पण त्याच पैशातल्या थोड्याशा पैशात तुम्ही शॉवर बदललात, मिनिटाला ६ लिटरवाला घेतलात, तर आहे तोच २५ लिटरचा गीझर दहा-अकरा मिनिटं पुरतो. म्हणजे नवा मोठा गीझर आणून जेवढा वेळ मिळणार होता तेवढाच, निम्म्या पाण्यात, निम्म्या विजेत. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा खरंच वाटेना, मी दोनदा केलं.

घेताना खोक्यावर लिटर प्रति मिनिट लिहिलेलं असतं ते बघा, ६ ते ७ चा घ्या, हँड शॉवर घेतलात तर अजून सोयीचं पडतं. शॉवर बदलायचाच नसेल तर फ्लो रिस्ट्रिक्टर मिळतो, छोटी चकती असते, शॉवर फिरवून काढायचा, मागे ती बसवायची आणि परत फिरवून लावायचा, प्लंबरही लागत नाही. आणि आजच्या आज काही करायचं असेल तर अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाईप बाहेर येतो तिथले छोटे नळ, थोडे आवळा, गरम आणि गार दोन्हीचे सारखेच. तुमच्याकडे प्रेशर आहे म्हणून हे सांगतेय, वरच्या मजल्यावरच्या तुमच्या मैत्रिणीला यातलं काही सांगू नका, तिच्याकडे आधीच धार नाही. अजून एक, टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं, शॉवरची भोकं क्षाराने बुजतात आणि पाणी वाकडंतिकडं भिंतीवर उडतं, मग अंग नीट धुतलं जात नाही आणि माणूस जास्त वेळ उभा राहतो. जाळी रात्रभर व्हिनेगरमधे बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मोजायच्या आधी हे करा म्हणजे आकडा खरा येईल.

तुमच्या मिस्टरांना रेन शॉवर हवाय. हौस आहे, मी समजू शकते, हॉटेलात बघून सगळ्यांनाच वाटतं. पण त्याची थाळी मोठी, पाणी सगळीकडून पडणार, त्याला पोटभर पाणी लागतं, मिनिटाला १२-१५ लिटर सहज. म्हणजे एका बाजूने मुलाला ओरडायचं आणि दुसऱ्या बाजूने छतात तेच बसवायचं, असं होईल ते. यांना स्पष्ट सांगा की टँकर बंद होईपर्यंत नाही.

कारण पाण्याचं तुमच्या इथलं काय आहे ते तुम्हाला माहितीच आहे, पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतंय, पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतपर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं, आणि वाकडसारख्या भागात माणसं इतकी वाढली की उरलेलं टँकरने आणावं लागतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यात ५५ लिटर आंघोळीचे, बाकी कपडे, भांडी, फ्लश, स्वयंपाक, पिणं सगळं. आता तुमच्या मुलाच्या २० मिनिटांतली समजा १२ मिनिटंच पाणी चालू असेल, तरी १२ गुणिले १२, १४४ लिटर झाले. त्याच्या वाट्याचं पूर्ण दिवसाचं पाणी सकाळी सातलाच संपलं आणि वर थोडं दुसऱ्याचंही गेलं.

हे त्याला ओरडून सांगू नका. मी सांगते का ते. माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मार्चमधे विहिरी आणि टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं, पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या, ५० हजार लिटरची एकेक. मी तेव्हा पंधरा दिवस आईकडे होते. आई मोठ्या टबमधे पाट ठेवून त्यावर बसून आंघोळ करायची, म्हणजे टबात साठलेलं पाणी संडासात ओतता येईल, आणि डोक्यावरून न्हायची ती आठवड्यातून एकदाच. तिथून पुण्यात घरी आले आणि माझी मुलं शॉवर सोडून आत गाणी म्हणत होती, मी दार बडवलं, इतकी ओरडले की शेजारच्या काकू आल्या. पुढचं वर्षभर मी तेच करत होते, दार बडवायचं आणि लातूरचं सांगायचं. त्याचा काहीही उपयोग झाला नाही, मुलं दाराला कडी लावून नळ अजून जोरात सोडायची म्हणजे माझा आवाज ऐकू येऊ नये. मला आजही त्या वर्षाचं वाईट वाटतं.

फरक पडला तो टबाने. आईचा टब डोक्यात होता, मी तसाच एक चाळीस लिटरचा आणला आणि मुलांना एवढंच सांगितलं की एक आठवडा यात उभं राहून शॉवर घ्या. मिनिटाला १२ लिटर असेल तर टब साडेतीन मिनिटांच्या आतच भरून वाहायला लागतो. शॉवरचं पाणी दिसतच नाही ना आपल्याला, पडलं की जाळीतून गेलं, बादली संपते ती दिसते. टबात पाणी घोट्यापर्यंत आलं आणि मग कडेवरून वाहायला लागलं की मुलाला आपोआप कळतं किती झालं, कोणी बाहेरून बोलावं लागत नाही. माझ्या मोठ्याने तिसऱ्या दिवशी साबण लावताना स्वतःहून नळ बंद केला. टबातलं पाणी नंतर बादलीने कमोडमधे ओतायचं, वरच्या फ्लशच्या टाकीत नाही, सरळ भांड्यातच, साबणाचं पाणी टाकीत घातलं की आतले रबर खराब होतात आणि वास येतो. आणि ते ओतायचं काम ज्याने आंघोळ केली त्यानेच करायचं, तुम्ही नाही.

१६ वर्षांच्या मुलाला घरात दार लावून एकटं राहायला मिळतं ती जागा बऱ्याचदा बाथरूमच असते, हेही लक्षात घ्या. २० मिनिटं आत राहिला तर राहू दे, नळ बंद करून राहू दे. तुमचं भांडण त्याच्या वेळेशी नाही ठेवायचं, चालू नळाशी ठेवायचं. नवा शॉवर आणि साबण-शाम्पूच्या वेळी नळ बंद एवढं जरी जमलं तरी पाणी चालू असण्याची सहा-सात मिनिटं होतात, ६ लिटरने ३६ ते ४२ लिटर, म्हणजे दोन बादल्या. १४४ चे ४२ झाले म्हणजे रोजचे शंभरेक लिटर, महिन्याचे तीन हजार. १० हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वातीन महिन्यांत एक टँकर, एकट्या त्याच्या आंघोळीतून.

सासूबाईंना हा दोन बादल्यांचा आकडा नक्की सांगा. त्यांची बादली अगदी योग्य आहे, त्यांच्या वयात स्टुलावर बसून तांब्याने आंघोळ करणं सुरक्षितही आहे, त्यांना कोणी शॉवरखाली उभं करू नये. पण नातवाचा शॉवरही दोन बादल्यांतच होतोय हे त्यांनी बघितलं की त्यांचा विरोध कमी होईल असं मला वाटतं. त्यांचीही बादली एकदा मोजा, रागावणार नाहीत अशा बेताने, बादली भरताना गरम पाण्याची वाट बघत किती सोडलं जातं आणि भरून वाहतं किती ते. त्यांच्याकडे लहानपणी बंब असेल तर नातवाला सांगायला सांगा, लाकडं फोडून आणून पाणी तापवलेलं असलं की प्रत्येकाला घंगाळभर मिळायचं आणि विसण घालून त्यातच भागवायचं. माझ्या आजीच्या घरी मी हे बघितलंय, तिथे पाणी वाया घालवू नका असं कोणाला सांगायची वेळच यायची नाही.

विसणावरून आठवलं, तुमचा गीझर कितीवर ठेवलाय? बरेच जण ७०-७५ वर ठेवतात आणि मग निम्म्याहून जास्त गार मिसळतात. ५५ ते ६० पुरे. जास्त तापवलं की टाकीतून उष्णता जास्त जाते आणि जड पाण्याचा क्षार एलिमेंटवर भराभर चढतो, मग तेच पाणी तापायला अजून वेळ. ५० च्या खाली मात्र नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. काही गीझरमधे हे बटण कव्हरच्या आत असतं, सर्व्हिसवाल्याला बोलावून करून घ्या, स्वतः स्क्रू काढू नका.

चालू-बंदचं तुम्ही ऐकलंय ते चूक आहे. गीझर बंद-चालू केल्याने जास्त वीज जात नाही. चहाचं पातेलं दिवसभर मंद गॅसवर ठेवलं तर गॅस वाचतो का? तसंच आहे. टाकी गरम असली की बाहेर उष्णता जातच राहते, चांगल्या गीझरमधूनही दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास जातं, जुना असेल तर त्याहून जास्त, कोणी आंघोळ करो ना करो. पहिल्या आंघोळीच्या अर्धा तास आधी लावा, ओळीने सगळ्यांच्या होऊ द्या, शेवटचा माणूस आत गेला की बंद. खरं सांगायचं तर विजेचं बिल यामुळे एकदम निम्म्यावर येणार नाही, महिन्याला दहा-पंधरा युनिट कमी होतील, गीझर जुना असेल तर त्याहून जास्त, पण त्याने महावितरणचा वरचा स्लॅब लागायचा वाचला तर चांगलंच जाणवेल.

सोलरचं दुखणं बहुतेक सोसायट्यांत आहे. गच्चीवरून तुमच्यापर्यंत पाईप चाळीसेक मीटर तरी असणार, एक इंची पाईप असेल तर त्यात वीस लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं असतं आणि गरम पाण्याची थोडी ऊब पाईपच खातो, म्हणून तुमच्या दीड बादल्या. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे ते गार पाणी बादलीत धरायचं, फरशीला, कपडे भिजवायला, कुंड्यांना, ते स्वच्छ पाणी आहे, आणि दुसरं म्हणजे त्या बाथरूममधे एकापाठोपाठ एक आंघोळी करायच्या. मधे तासाभराचं अंतर पडलं की पुन्हा पाईप गार आणि पुन्हा बादली. सोसायटीच्या मीटिंगला हे दोन मुद्दे मांडा, गरम पाण्याच्या पाईपला इन्सुलेशन आणि रिटर्न लाइन, म्हणजे छोटा पंप पाईपमधलं गार पाणी परत टाकीत फिरवतो आणि नळाला गरम पाणी लगेच येतं. ११ मजल्यांवर रोज प्रत्येक घरात बादली-बादली टाकून दिली जात असेल तर कमिटीला टँकरच्या बिलाशी त्याची तुलना करून दाखवा, ते ऐकतील.

गॅस गीझरचं यांच्या ऑफिसमधल्या माणसाने सांगितलंय त्याला मी हात जोडून नाही म्हणेन. बंद बाथरूममधे तो जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही आणि चक्कर येऊन तिथेच पडतो. दर थंडीत अशी एखादी बातमी येतेच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हलवावा. तुमच्याकडे तर दार लावून वीस मिनिटं आत राहणारा मुलगा आहे.

आता ती शेवटची ओळ. "माझं काही नाही, सगळे गेले की दहा वाजता अर्ध्या बादलीत उरकते." ताई, एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही स्वतःला एक ओळ दिलीत. तुमच्या घरात पाण्याची सगळ्यात जास्त बचत आत्ता तुम्ही एकट्या करताय आणि ती कोणाला दिसत नाहीये, कदाचित तुम्हालाही नाही. अर्धी बादली म्हणजे आठ-दहा लिटर, तेही कोमट. आंघोळीचे ५५ लिटर तुमच्याही वाट्याचे आहेत. बाकीच्यांचं कमी होईल त्यातलं काही तुमच्याकडे यायला हवं, नाहीतर ही बचत कसली.

तेव्हा सोलरच्या बाथरूममधे सकाळी ७ ते सव्वासात तुमचा नंबर लावा, दारावर कागद चिकटवा सगळ्यांच्या वेळांचा, त्यात तुमचं नाव घाला. त्या पंधरा मिनिटांत डबे कोण भरणार ते यांना आजच विचारून ठेवा. रविवारी केस धुवायचे असतील तर दोन बादल्या गरम पाणी घ्या आणि घाई करू नका. आणि मोजलेले आकडे मला कळवा, शॉवरचा, टबाचा, सासूबाईंच्या बादलीचा आणि तुमच्या आंघोळीचाही.